मुका वूफर, खारी हवा

गणपतीला आठवडा राहिला की कोकणातल्या घरांत माळ्यावरून दोन गोष्टी खाली उतरतात. एक मखराचं सामान, आणि दुसरा गेल्या वर्षी विसर्जनानंतर पिशवीत गुंडाळून ठेवलेला वूफर. मखर निमूट उभं राहतं. वूफरची पिन खोचली, दिवा लागला, लॅपटॉपवर आरत्या लावल्या, तरी हूं नाही की चूं नाही. मग मुंबईहून आलेला कुणीतरी चाकरमानी आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळतो, पेटीवर दोन थापा मारतो आणि निकाल देऊन टाकतो: वूफर गेला. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या रिपेरिंगच्या दुकानात त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते आणि जो तो एकच सांगत असतो, "गेल्या वर्षी बरो वाजत होतो, अवंदा बोलणा नाय."

त्यातले बरेचसे गेलेले नसतातच. समुद्राकाठी या यंत्रांचे भाग जळण्याआधी जोड खराब होतात. जिथे दोन धातूंनी एकमेकांना नुसता स्पर्श केलेला असतो, कथलाची पक्की डाक नसते, तिथे खारी हवा शिरते: पिन आणि सॉकेट, आवाजाच्या बटणातली कार्बनची पट्टी, मागच्या वायरी धरणाऱ्या स्प्रिंगच्या चिमट्या. मिठाचा गुणधर्म असा की हवेतली आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याखाली क्वचितच येते. म्हणजे खाडीच्या वाऱ्याने पिनेवर बसलेल्या मिठाचा चार महिने एक ओला, डोळ्यांना न दिसणारा थर झालेला असतो. त्याखाली पितळ काय करणार? म्हणून नवा संच घ्यायच्या गोष्टी करण्याआधी आवाज नेमका कुठपर्यंत येऊन अडला आहे ते शोधावं. काम खरं तर एवढंच आहे, आणि त्याला स्क्रू-ड्रायव्हरच्या आधी कान लागतो.

आधी गाणं थांबवा. हे महत्त्वाचं, कारण अडलेला जोड मध्येच लागला तर कानठळ्या बसतील. पंखा बंद करा, खिडकी लावून घ्या, पागोळ्यांचा आवाज काही थांबवता येणार नाही. संचाचा आवाज पूर्ण वर न्या आणि छोट्या स्पीकरच्या जाळीला कान लावा. हलकी फुसफुस ऐकू आली तर आतला ॲम्प्लिफायर जिवंत आहे, स्पीकर जिवंत आहे, आणि घोटाळा त्याच्या अलीकडे म्हणजे वायर किंवा संगणकाकडे आहे. फुसफुसही नसेल, पण संच चालू करताना किंवा बंद करताना 'ठप्' असा बारीक धक्का ऐकू येत असेल, तर स्पीकर आणि वीजपुरवठा शाबूत आहेत आणि मधला कुठला तरी टप्पा झोपला आहे. ठप् नाही, फुसफुस नाही, तरी दिवा मात्र लागलाय, तर पेटी उघडावी लागण्याची शक्यता बरीच. आणि दिवाच लागत नसेल तर संगणकाकडे बघण्यात अर्थ नाही. आधी बोर्डाच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा.

या चार शांतता वेगळ्या ओळखता आल्या की निम्मी दुरुस्ती झाली. दुकानदार हेच करतो, फक्त तो आपल्याला सांगत नाही.

कानानंतर बोट. संगणकात खोचलेली ३.५ मिलिमीटरची पिन उपसून हातात घ्या, संचाचा आवाज निम्म्यावर ठेवा. पिनेवर दोन काळ्या कड्या असतात, त्यांनी तिचे तीन भाग पडतात. टोक डाव्या स्पीकरचं, मधला पट्टा उजव्याचा, आणि बुडाचा लांब भाग दोघांचा मिळून ग्राउंड. टोकाला बोट लावलं की डावीकडून आणि वूफरमधून 'भुंऽऽ' असा घोगरा आवाज यायला हवा. मधल्या पट्ट्याला लावलं की उजवीकडून आणि वूफरमधून. घरातल्या वायरिंगचं ५० हर्ट्झचं क्षेत्र आपलं शरीर गोळा करत असतं, तेच पिनेतून आत जातं. भुंकार तिन्हीकडून नीट आला तर संच निर्दोष आहे, त्याला खुशाल मांडून ठेवा आणि संगणकाकडे वळा. एका बाजूचाच आला तर डावा-उजवा स्पीकर मागे अदलाबदल करून लावा. मुकेपणा स्पीकरबरोबर सरकला तर स्पीकर किंवा त्याची वायर. आहे तिथेच राहिला तर आतला ॲम्प. याला पैसा लागत नाही, पाच मिनिटं पुरतात, आणि तरीही लोक हे सोडून थेट संगणकाचा ड्रायव्हर, म्हणजे साउंड चालवणारं सॉफ्टवेअर, उतरवायला बसतात.

बोट लावूनही काही नाही, तरी पेटी उघडायची घाई नको. हल्ली बाजारात मिळणाऱ्या टू पॉइंट वन (दोन छोटे स्पीकर आणि एक वूफर) संचांना पुढे छोटी पट्टी असते: यूएसबी, एफएम, ब्लूटूथ, ऑक्स. वीज गेली आणि आली की यातले बरेच संच ब्लूटूथवर नाहीतर एफएमवर जाऊन बसतात, आणि मग ऑक्सच्या वायरीतून तुम्ही काहीही पाठवा, आत कुणी ऐकत नाही. सड्यावरच्या वाडीत पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाते, म्हणजे हा प्रकारही चार वेळा. रिमोटवरचं म्यूट हे दुसरं. ज्या संचांत आवाजाचं बटण वायरीच्या टोकाला वेगळं येतं, त्यात काही वेळा चालू-बंदची कळही त्याच डबीत असते. तिचा बहुपिनी प्लग पेटीमागे अर्धवट बसला तर अख्खा संच मेल्यासारखा पडून राहतो.

आता संगणक. विंडोजमध्ये खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडा आणि आउटपुट म्हणून कोण निवडलं आहे ते बघा. एचडीएमआयच्या वायरीने टीव्ही किंवा मॉनिटर जोडला की आवाज तिकडे पळतो, मग त्या मॉनिटरला स्पीकर असो वा नसो. मुलाचे ब्लूटूथ इअरबड चालू असले तर आरती मागच्या पडवीत कुणाच्या तरी कानात वाजत असते. गाणं चालू ठेवून पातळीची पट्टी हलते का ते पाहा: पट्टी हलते आणि आवाज नाही, तर सॉफ्टवेअरने आपलं काम केलं आहे, भांडण पुढे आहे. पट्टीच हलत नसेल तर व्हॉल्यूम मिक्सरमध्ये तो प्रोग्रॅमच म्यूट आहे का बघा, आणि तेही नसेल तर सर्व्हिसेसच्या यादीत 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' या दोन्ही चालू आहेत ना ते पाहून पुन्हा सुरू करा. ड्रायव्हरचं औषध सगळ्यात शेवटी: डिव्हाइस मॅनेजरमधून साउंडचं उपकरण अनइन्स्टॉल करून संगणक परत चालू केला की विंडोज आपला साधा हाय डेफिनिशन ऑडिओ ड्रायव्हर बसवतं, आणि कामापुरतं तेवढं पुरतं. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलवर अल्सामिक्सर उघडून मास्टर आणि फ्रंटखाली 'एमएम' दिसतंय का पाहावं. एम दाबलं की म्यूट निघतो.

मागच्या बाजूच्या रंगीत भोकांबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. पोपटी म्हणजे लाइन आउट, गुलाबी माइक, निळा लाइन इन. ही वाटणी इंटेल आणि मायक्रोसॉफ्टच्या पीसी ९९ नियमावलीतून आली. नारिंगी भोक सेंटर आणि सबवूफरचं, हे खरं. पण ते तीन-तीन पिना असलेल्या फाइव्ह पॉइंट वन (पाच स्पीकर आणि एक वूफर) संचासाठी. टू पॉइंट वनची एकच पिन असते आणि ती पोपटीतच जाते. खालचे सूर वेगळे काढण्याचं काम वूफरच्या पेटीतलं सर्किट करतं. वूफर आहे म्हणून नारिंगीत खोचणारा महाभाग दर गावात एक तरी निघतो. तसंच सेटिंगमध्येही स्टीरिओच निवडायचं. फाइव्ह पॉइंट वन निवडलं तर सिनेमातले संवाद सेंटरच्या वाहिनीवर जातात, आणि तो स्पीकर आपल्याकडे नसतो. पार्श्वसंगीत दणक्यात चालू आणि नट नुसते ओठ हलवतायत असं झालं की पहिला संशय इथे.

समुद्राकाठी खास भेटणारा बिघाड मात्र कॅबिनेटच्या पुढच्या हेडफोनच्या भोकात असतो. त्या भोकात आवाज नेणाऱ्या पत्त्यांशिवाय आणखी एक छोटी पत्ती असते, स्विचसारखी. पिन आत आली की ती हलते आणि संगणकाला कळतं की हेडफोन लागला. मग तो मागचं पोपटी भोक आपणहून गप्प करतो. ही पत्ती हिरवी पडून चिकटली की हेडफोन नसतानाही संगणक 'आहे' असंच धरून चालतो. सगळं बरोबर, पट्टी हलतेय, पिन योग्य भोकात, आणि मागून शुकशुकाट. टॉर्च लावून त्या भोकात पाहिलं तर कडेला शेवाळासारखा हिरवट थर दिसतो. कधी कधी भोकच दिसत नाही, कारण कुंभारमाशीने ते चिखलाने लिंपून टाकलेलं असतं. तिला नेमकं एवढ्याच मापाचं बीळ लागतं. चिखल टाचणीने हळूहळू कोरून काढावा, फुंकर मारू नये, तो आणखी आत बसतो. मग सुक्या पिनेवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा घेऊन ती दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करावी, फिरवत. संगणक बंद ठेवून. एवढ्याने नाही भागलं तर कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरच्या पुढच्या ऑडिओच्या नऊ पिनांच्या कनेक्टरची वायर सरळ उपसून ठेवा. पुढचं भोक निवृत्त होतं, मागचं बोलू लागतं. रिअलटेकच्या पॅनेलमध्ये पुढच्या जॅकची ओळख बंद करण्याची सोय असेल तर तेही चालतं.

पिन स्वतः काळवंडली असेल तर तिला खोडरबराने घासा. पॉलिश पेपरने नको; वरचा पातळ मुलामा निघतो आणि खालचं पितळ पुढच्या पावसाळ्यात दुप्पट वेगाने हिरवं पडतं. खोबरेल तेल लावणारेही आहेत. तेल ओलावा थोपवतं हे खरं, पण धूळ धरतं, आणि मुंग्यांना आमंत्रण.

आता एक बिघाड जरा सावकाश बघू, कारण तो भल्याभल्यांना चकवतो. गाणं वाजतंय, वाद्यं ऐकू येतायत, पण गाणाऱ्याचा आवाज नाही. असला तरी विहिरीतून आल्यासारखा. आणि वूफर जवळपास मुका. लोकांना वाटतं दोन बिघाड आहेत. असतो एकच: पिनेचा बुडाचा भाग, ग्राउंड, तुटलेला. गाणारा गळा रेकॉर्डिंगमध्ये डाव्या-उजव्या दोन्हीकडे सारखा असतो. ग्राउंड सुटला की संचाला डावा आणि उजवा यांच्यातला फरक तेवढा मिळतो, आणि सारख्यातून सारखं गेलं की शून्य. म्हणून गळा गायब. वूफरचं गणित याच्याही पुढे जातं. त्याला डावा अधिक उजवा अशी बेरीज दिलेली असते; डावीकडे आता फरक आहे आणि उजवीकडे तोच फरक उलटा, मग बेरीज पुन्हा शून्य. वूफरचा आयसी (आवाज वाढवणारी चिप) बदला, कॉइल (पडद्यामागची तारेची गुंडाळी) बदला, काहीही होणार नाही. पिन किंचित बाहेर ओढून किंवा बुडाशी वायर वाकवून बघा. क्षणभर गळा आला की चोर सापडला. मोबाइलच्या माइकवाल्या इअरफोनची चार भागांची पिन जोडून बनवलेल्या वायरीतही हाच प्रकार घडतो, कारण तिच्या कड्या तीन भागांच्या भोकात जागेवर बसत नाहीत.

वायर बुडाशीच तुटते, कारण तिथेच ती रोज वाकते. कापून नवी धातूची पिन डाकवा. साध्या वायरींत बहुधा लाल उजवा, पांढरा किंवा हिरवा डावा, उघडं तांबं ग्राउंड, पण रंगावर विश्वास न ठेवता मल्टिमीटरच्या बीपवर तपासा. इथे किनाऱ्यावरची गोम अशी की वायर सोलली की आतलं तांबं काळं निघतं. ओलावा आवरणाखालून केशाकर्षणाने आत चढलेला असतो, कधी वीतभर. काळ्या तांब्याला कथील धरत नाही, नुसती गोळी होऊन घरंगळतं. चकाकतं तांबं लागेपर्यंत कापत जायचं, आणि तेही लागलं नाही तर वायर टाकून द्यायची. पट्टीने खरवडून डाक मारलेली वायर दिवाळीपर्यंत टिकते, शिमग्यापर्यंत नाही. स्पीकरच्या लांब वायरींना उंदीर-घुशीही सोडत नाहीत, तेव्हा भिंतीलगतचा भाग हाताने चाचपून पाहावा.

छोटे स्पीकर खणखणीत आणि फक्त वूफर गप्प, अशीही तक्रार येते. आधी बासचं वेगळं बटण बघा. मुलं ते शून्यावर नेतात किंवा आजोबा नेतात. आणि वूफर तपासायला टाळ-झांजांची आरती लावू नका. साधारण दीडशे-दोनशे हर्ट्झच्या वरचं काही त्याच्याकडे जातच नाही. मोबाइलवर ६० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा, किंवा पखवाजाचं सोलो. पडद्याला बोटाची टोकं हलकेच लावली की थरथर समजते. थरथर नसेल तर वूफरचे चार स्क्रू काढून त्याला बाहेर घ्या. मागे दोन पत्त्यांवर क्लिपा खोचलेल्या असतात. खालच्या सुरांच्या दणक्याने त्या सैल होतात, खाऱ्या हवेने हिरव्या. क्लिपा काढून मल्टिमीटरवर कॉइल मोजा. चार ओहमचा स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवतो, आठचा साडेसहाच्या जवळ. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा: 'टप्' होऊन पडदा पुढे-मागे हलला पाहिजे. दोन्ही हातांच्या बोटांनी पडदा सरळ आत दाबून बघा. खरखर लागली तर कॉइल चुंबकाला घासतेय, बहुधा आत गंज फुगलाय. असा स्पीकर बदलावाच. कागदी पडद्यावर पांढरी बुरशी असेल तर घाबरू नका, कोरड्या ब्रशने निघते. फोमची कड चिवड्यासारखी तुटत असेल तर मात्र ती कड नवी बसवावी लागते.

इथवर पोचूनही आवाज नसेल तर पेटी उघडायची. पिन बोर्डातून काढून, बाजूला ठेवून, मग. ट्रान्सफॉर्मरवाल्या संचात बारा-चोवीस व्होल्टचा भाग मारत नाही, पण प्रायमरीला, म्हणजे घरची वीज आत घेणाऱ्या गुंडाळीला, थेट २३० असतात. ट्रान्सफॉर्मर न दिसता छोटा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा) बोर्ड दिसला तर त्याच्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो आणि पिन काढल्यावरही तो काही वेळ राहतो. ज्यांना हे डिस्चार्ज करण्याची सवय नाही त्यांनी इथे थांबून संच दुकानात न्यावा.

आमच्याकडच्या जुन्या मेकॅनिककडे एक सिरीज बोर्ड हमखास असतो: फेजच्या वायरीत शंभर वॅटचा पिवळा बल्ब. एलईडी चालत नाही, तार तापणाराच लागतो. संच त्यातून लावला आणि बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे. एकदा चमकून मंदावला आणि संचाचा दिवा लागला, तर पुरवठा ठीक. बल्बही नाही आणि संचाचा दिवाही नाही, तर फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी तुटलेली. प्रायमरी मीटरवर काही दशक ते दोन-एकशे ओहम दाखवते. काहीच नाही दाखवलं तर पिवळ्या टेपखाली गुंडाळलेला थर्मल फ्यूज उडालेला असू शकतो. तो बदलता येतो. त्याला नुसती तार जोडून बायपास करणारे असतात; घरात लाकडी माळा आहे हे त्यांनी आठवावं.

पुढची मोजमापं सोपी. साध्या संचात ट्रान्सफॉर्मर बारा-शून्य-बाराचा, चार डायोडांचा ब्रिज, दोन मोठे कपॅसिटर, आणि हीटसिंकला स्क्रूने आवळलेले पाच पायांचे तीन आयसी, बहुधा टीडीए २०३०. मधल्या शून्यापासून दोन्ही बाजूंना बारा-बारा व्होल्ट एसी मिळाले पाहिजेत, आणि कपॅसिटरवर साधारण अधिक सोळा आणि उणे सोळा डीसी. आयसीच्या पाचव्या पायावर अधिक, तिसऱ्यावर उणे, आणि चौथ्या पायावर, म्हणजे जिथून आवाज निघतो तिथे, जवळपास शून्य. चौथ्यावर दहा-बारा व्होल्ट दिसले तर तो आयसी गेला, आणि जाताना स्पीकरची कॉइलही घेऊन जायच्या तयारीत आहे. चालू करताच पडदा आत किंवा बाहेर खेचला जाऊन तिथेच अडकला तर हेच; लगेच पिन काढा. नवा आयसी बसवताना मागच्या पत्र्याचा संबंध तिसऱ्या पायाशी असतो हे लक्षात ठेवा. हीटसिंक ग्राउंडला असेल तर मधला अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूची प्लॅस्टिकची वॉशर विसरून चालणार नाही.

तिन्ही आयसींवर व्होल्टेज बरोबर आहे आणि तरी सगळं गप्प, तर मागे जा: छोटा आठ पायांचा ४५५८. त्याच्या आठव्या पायावर अधिक आणि चौथ्यावर उणे पुरवठा येतो की नाही बघा. वूफरचे खालचे सूर गाळून देण्याचं काम याचंच, त्यामुळे त्याचा पुरवठा तुटला तर वूफर सगळ्यात आधी गप्प होतो. यूएसबी-ब्लूटूथची पट्टी वेगळ्या पाच व्होल्टवर चालते, ७८०५ रेग्युलेटरमधून; तो गेला की आकडे दिसत नाहीत आणि आवाजही निघत नाही.

आणि आयसी काढण्याआधी भिंग घेऊन त्याच्या पायांची डाक बघा. वूफरची पेटी वर्षानुवर्षं स्वतःलाच हादरे देत असते. जड भागांच्या पायांभोवती कथलाला बारीक गोल चीर जाते. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, थोडा फ्लक्स, नवं कथील, आणि पाचही पाय पुन्हा डाकवून घ्या. कपॅसिटरचं डोकं फुगलं असेल तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, पण २५ ऐवजी ३५ व्होल्टचा आणि १०५ डिग्रीचा घाला. पट्टा असलेली बाजू उणे. पेटीच्या भोकातून पाल शिरून प्रायमरीच्या दोन टाक्यांवर आडवी पडलेली आढळणं हेही आमच्याकडे नेहमीचंच. तिला काढून जागा अल्कोहोलने पुसावी लागते, कारण जळलेला कार्बन वीज वाहतो.

व्होल्टेज पडण्याची तक्रार वेगळी. संध्याकाळी वाडीच्या टोकाला १७० व्होल्ट मिळाले तर त्या बारा व्होल्टांचे नऊही राहत नाहीत आणि आतले सोळा साडेअकरावर येतात. २०३० चालत राहतो, पण बारा व्होल्टच्या रेग्युलेटरला वरचं अंतर उरत नाही, मग घुरघुर आणि फाटका आवाज. ज्या संचात रिले (विजेवर चालणारा स्विच) असतो तिथे तो 'टक्' करून लागतच नाही, आणि रात्री अकरानंतर संच आपोआप बरा होतो. अशा वेळी आत हात घालू नये. उलट खांबावर न्यूट्रल सुटला तर दोन फेजांमधले चारशेच्या आसपास व्होल्ट घरात शिरू शकतात. त्या रात्री वाडीतले एकाच वेळी पाच-सहा संच जातात ते यामुळे.

विजांचं म्हणाल तर जुलैच्या संततधारेपेक्षा मे-जूनचे वळीव आणि हस्ताचा गडगडाटी पाऊस जास्त घातक. आकाशातली वीज केबलच्या किंवा टेलिफोनच्या वायरीतून येते आणि मदरबोर्डवरचा साउंडचा चिप तेवढाच मरतो, बाकी संगणक ठीक. मदरबोर्ड बदलू नका; काही शे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड लावा आणि आउटपुटला ते निवडा. सड्यावरच्या घरांत जांभ्याच्या कातळामुळे अर्थिंग नीट मिळत नाही, आणि दोन पिनांच्या चार्जरवरच्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात. म्हणून आधी ऑडिओची पिन खोचावी, मग वीज चालू करावी. उलट क्रमाने ती झिणझिण ॲम्पच्या इनपुटमधून जाते.

पुराची गोष्ट निराळी. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगडपासून दापोलीपर्यंतची छपरं उडवली. दोन्ही वेळा भिजलेले संच 'चालतोय का बघू' म्हणून लावून पाहण्यातच मेले. भिजलेला संच लावून पाहायचा नाही. बोर्ड सोडवून गोड्या पाण्याने चिखल आणि मीठ धुवायचं, मग अल्कोहोलने, मग सावलीत वाऱ्यावर निदान चार दिवस. ट्रान्सफॉर्मरला त्याहून जास्त लागतात आणि सुकल्यावरही पहिल्यांदा तो सिरीज बल्बमधूनच लावायचा. पेटी एमडीएफची असेल आणि खालून फुगली असेल तर तिच्यावर वेळ घालवू नका. आतलं सगळं काढून फणसाच्या किंवा आंब्याच्या फळीची तेवढ्याच आकाराची पेटी सुताराकडून करून घ्या, भोकाची लांबी-रुंदी तीच ठेवून. आवाज बहुधा आधीपेक्षा चांगलाच लागतो.

विसर्जनानंतर संच पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर टाकणं हेच मुळात चुकतं, कारण पिशवीत पावसाळ्याची हवाच कोंडली जाते. बाहेरच ठेवा आणि पंधरवड्यातून एकदा अर्धा तास वाजवा, आतली ऊब ओल काढते. ठेवायचाच असेल तर सप्टेंबर सोडून दिवाळीनंतर, उन्हं तापली की बांधा, निळ्या सिलिका जेलच्या दोन मुठी पुरचुंडीत घालून; दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर भाजून परत निळे करता येतात, मात्र तो तवा पुन्हा भाकरीला वापरायचा नाही. पिनेला टोपण नसेल तर बॉलपेनच्या टोपणात बसते. पेटीच्या भोकाला मच्छरदाणीची जाळी आतून चिकटवा, बाहेरून लावलेली उंदीर आठवडाभरात काढतात.